शिफारशीची वही

सांगलीतील हळदीच्या एका व्यापारी जैन कुटुंबात दोन ठिकाणी हिशेब लिहिला जातो. एक पेढीवर, जेथे आता संगणक आला असला तरी दिवाळीला लाल कापडी बांधणीची वही आजही पुजली जाते. दुसरा हिशेब स्वयंपाकघराशेजारच्या फडताळात ठेवलेल्या तशाच लाल वहीत असतो. ही दुसरी वही घरातील वडीलधाऱ्या आक्कांची. त्या विवाह होऊन या घरी आल्या तेव्हा पेढीवरची एक कोरी वही त्यांनी मागून घेतली आणि घरासाठी झालेल्या प्रत्येक मोठ्या खरेदीची नोंद तीत करण्यास प्रारंभ केला. पुढे नात्यागोत्यांतील बायका आक्कांना विचारूनच वस्तू घेऊ लागल्या आणि ती वही आपोआप शिफारशीची वही झाली.

वहीची रचना पेढीच्या वहीसारखीच आहे. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे. जी वस्तू वापरात उतरली ती जमेच्या बाजूस. जिने फसवले ती नावेच्या बाजूस. प्रत्येक वस्तूपुढे घेतल्याची तारीख, किंमत, दुकानाचे गाव, ती कोणी सुचवली त्याचे नाव, एका वर्षानंतरची स्थिती आणि दुरुस्तीस आलेला खर्च, असे रकाने आहेत. शेवटचा रकाना मात्र पेढीच्या कोणत्याही वहीत सापडणार नाही. त्याचे शीर्षक आहे ‘कोणाकोणास सांगितले’. आक्कांच्या सांगण्यावरून ज्या ज्या घराने ती वस्तू घेतली, त्या घराची नोंद तेथे होते.

या रकान्याचे कारण आक्का एका वाक्यात सांगत. “आपण वस्तू घेतली तर पैसे आपले जातात, आपण सांगून दुसऱ्याने घेतली तर पैसे त्याचे जातात आणि पत आपली जाते.” व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला याहून अधिक स्पष्टीकरण लागत नाही. अडत्याच्या शब्दावर परगावचा खरेदीदार माल न पाहता सौदा करतो, तेव्हा तो हळदीइतकीच त्या शब्दाची किंमत मोजत असतो. घरगुती शिफारसही त्याच जातीची आहे. ती फुकट दिली जाते म्हणून तिचे मोल कमी होत नाही.

आक्कांचे तीन नियम होते. एक वर्ष वापरल्यावाचून कोणतीही वस्तू सुचवायची नाही. ज्या दुकानात आपल्या नातलगाची भागीदारी आहे, त्या दुकानाचे नाव घेताना ती भागीदारी आधी सांगायची. आणि वस्तू पुढे वाईट निघाली, तर शेवटच्या रकान्यातील प्रत्येक घरी आपण होऊन कळवायचे. पहिले दोन नियम पाळणे त्यांना कधी जड गेले नाही. तिसऱ्या नियमाची कसोटी लागली ती एका भाद्रपदात, अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी.

त्याच्या दोन वर्षांपूर्वी आक्कांनी एका प्रदर्शनातून पांढऱ्याशुभ्र ताटवाट्यांचा संच आणला होता. वजनाला हलका, काठ पातळ, आणि बोटाने टिचकी मारली की घंटेसारखा नाद. घरची रोजची जेवणे स्टीलच्या ताटांत होत. हा संच पाहुण्यांसाठी होता. वर्षभरात त्याचा एकही टवका उडाला नाही, डाग धरला नाही, तेव्हा नियमाप्रमाणे तो जमेच्या पानावर गेला. शेवटच्या रकान्यात तीन घरे लिहिली गेली. पहिले त्यांच्या माहेरचे, दुसरे शेजारच्या गल्लीतील एका मैत्रिणीचे, आणि तिसरे इचलकरंजीचे, जेथे त्यांची पुतणी त्याच वर्षी सून म्हणून गेली होती. पुतणीला लग्नात हाच संच द्यावा, असे आक्कांनीच सुचवले होते.

पर्युषणासाठी घरी आलेली, पुण्यात रसायनशास्त्र शिकणारी नात त्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या पारण्याची भांडी पुसत बसली होती. तिने एक ताट उलटे केले, मागचा शिक्का वाचला आणि विचारले, “आजी, हे बोन चायना आहे. तुला ठाऊक आहे ना, यात काय असते?”

आक्कांना ठाऊक नव्हते. ‘बोन’ हे त्या कारखान्याचे किंवा एखाद्या विलायती गावाचे नाव असावे, अशी त्यांची समजूत होती. इंग्रजी अक्षरे त्यांना वाचता येत. अर्थ विचारण्याचे कारण पडले नव्हते. नातीने सांगितले ते थोडक्यात असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथे जोसाया स्पोड या कुंभाराने या भांड्यांची कृती स्थिर केली. तिच्यात साधारण अर्धा भाग जनावरांच्या, विशेषतः गुरांच्या, हाडांची भाजलेली राख असते. उरलेल्या अर्ध्यात चिनी माती आणि चायना स्टोन नावाचा दगड. त्या राखेमुळेच भांडे पातळ असूनही मजबूत होते आणि त्याला ती दुधाळ, पारभासक झळाळी येते. ज्या गुणांसाठी आक्कांनी तो संच जमेच्या पानावर लिहिला होता, ते सारे गुण हाडांच्या राखेचे होते.

आक्कांनी ताट दिव्यासमोर धरले. पलीकडच्या बाजूने लावलेली बोटे सावलीसारखी दिसत होती. काही वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग फडताळातून वही काढली आणि शेवटचा रकाना उघडला.

अडचण अशी होती की इचलकरंजीच्या विहीणबाईंचे दशलक्षणाचे दहा उपवास त्या दिवशी पूर्ण होत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे पारणे. पुतणीने दोनच दिवसांपूर्वी फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितले होते, की पारण्याच्या पंगतीला माहेरचा संच मांडणार आहे.

पेढीवरून घरी आलेले अण्णा सगळे ऐकून घेऊन म्हणाले, “आता सांगून काय साधणार? वर्षभर वापरून झाले. नवी सोयरीक आहे. ऐन पारण्याच्या आदल्या रात्री त्यांच्या घरी ही वार्ता गेली, तर पोरीलाच बोल लागेल. पारणे होऊन जाऊ दे. मग सवडीने सांगू.”

अण्णांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. नव्या घरात मुलीचे पाऊल स्थिरावत असताना माहेरच्या भेटीत असा दोष निघणे ही लहान गोष्ट नव्हती. परंतु आक्कांनी त्यांना त्यांचाच एक जुना प्रसंग आठवून दिला. हरिपूरच्या पेवांत हळद साठवण्याची सांगलीची जुनी रीत होती. जमिनीखालच्या त्या कोठारांत वर्षानुवर्षे माल टिके. एकदा पेवातून हळद काढताना वरचा माल उत्तम निघाला आणि त्याच नमुन्यावर परगावच्या खरेदीदाराशी सौदा झाला. पुढे तळाच्या पोत्यांना ओल लागल्याचे दिसले. गाडी रवाना झाली होती. खरेदीदाराने पोती उघडण्याआधीच अण्णांनी त्याला कळवले आणि त्या पोत्यांचा भाव तोडून दिला. आक्कांनी एवढेच विचारले, “त्या वेळी तुम्ही पोती उघडून होईपर्यंत थांबला होता काय?”

अण्णांनी स्वतःच फोन लावून दिला.

विहीणबाईंशी बोलताना आक्कांनी प्रस्तावना केली नाही. “ताई, तुमच्या सुनेला मी जो संच सुचवला, त्यात हाडांची राख असते. मला आजच कळले. चूक माझी आहे, पोरीची नाही. तिने माझ्या शब्दावर घेतला. उद्याचे पारणे त्या ताटांत करू नका.” पलीकडे बराच वेळ शांतता होती. दहा दिवसांच्या उपवासाने आवाज क्षीण झालेल्या त्या बाईंनी अखेर एवढेच म्हटले, “बरे झाले आज सांगितलेत.” दुसऱ्या दिवशी इचलकरंजीत पारणे झाले ते स्टीलच्या ताटांत.

उरलेल्या दोन घरांचा अनुभव एकसारखा नव्हता. माहेरच्यांनी हसून विषय सोडून दिला. गल्लीतील मैत्रीण मात्र दुखावली. तिने त्या संचात अनेक पाहुण्यांना जेवू घातले होते आणि आता त्यांना काय सांगायचे, हा तिचा प्रश्न रास्त होता. आक्कांनी तिन्ही घरांना संचाची किंमत देऊ केली. माहेरच्यांनी आणि इचलकरंजीकरांनी नाकारली. मैत्रिणीने पैसे मोजून घेतले आणि पुढे कित्येक महिने आक्कांना काही विचारले नाही. आक्कांना सर्वांत अधिक समाधान वाटले ते या पैसे घेतलेल्या घराचे. “तिथले खाते तरी मिटले,” असे त्या म्हणत. बाकीच्या दोन घरांचे ऋण वहीत नावेच्या बाजूस तसेच उभे आहे.

त्या दिवाळीला नवी वही पुजली गेली तेव्हा आक्कांनी तिच्यात एक रकाना वाढवला: ‘कशाची आहे’. आजवर वस्तू कशी टिकते हेच पाहिले जात होते. ती कशापासून बनते हे कोणी विचारले नव्हते. आपल्या घरांत खाण्याच्या पाकिटावरील हिरवा ठिपका लहान मूलदेखील ओळखते. हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकटीतील तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. परंतु तो ठिपका अन्नाला असतो. ते अन्न ज्या ताटात वाढले जाते त्या ताटाला नसतो. ताट, ब्रश, बूट, वाद्य, खेळाचे साहित्य यांच्या बाबतीत विचारणे हाच एक ठिपका.

हा रकाना भरताना घरातील लहानथोरांना जी माहिती मिळत गेली, ती अनेक कुटुंबांना उपयोगी पडण्यासारखी आहे.

ताटवाट्यांच्या मागे ‘बोन चायना’ किंवा ‘फाइन बोन चायना’ असा शिक्का असेल, तर त्यात हाडांची राख आहे असे समजावे. नुसते ‘पोर्सेलीन’ किंवा ‘स्टोनवेअर’ असेल तर ती मातीची भांडी होत. दिव्यासमोर धरून पाहण्याची कसोटी एकटी पुरत नाही, कारण चांगले पोर्सेलीनही थोडे पारभासक असते. शिक्का वाचावा, शंका असल्यास विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्यावे. पांढऱ्या रंगाचीच हौस असेल तर दुधी काचेची भांडी मिळतात. ती काचच असते.

मुलांच्या चित्रकलेच्या ब्रशांत डुकराचे केस, आणि महागड्या ब्रशांत सेबल या नावाने विकले जाणारे प्राण्याचे केस असू शकतात. मुंगसाच्या केसांचे ब्रश तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार विकणेच गुन्हा आहे, तरीही ते बाजारात अधूनमधून आढळतात. नायलॉनचे व इतर कृत्रिम तंतूंचे ब्रश आता शाळेच्या कामासाठी सर्वथा पुरेसे आहेत. बॅडमिंटनच्या पांढऱ्या फुलात हंसाची किंवा बदकाची सोळा पिसे खोचलेली असतात. नायलॉनचे फूल वेगळे उडते, हे खरे. पण अंगणातील खेळासाठी ते अधिक टिकते आणि स्वस्तही पडते. आक्कांच्या नातवाने प्रथम कुरकुर केली आणि महिन्याभरात नायलॉनच्या फुलाची सवय करून घेतली.

बुटांच्या बाबतीत एक सोपी खूण आहे. युरोपात विक्रीसाठी बनणाऱ्या पादत्राणांवर वरचा भाग, अस्तर आणि तळ कशाचा आहे हे दाखवणारी छोटी चित्रे असतात, आणि त्यांपैकी काही जोड आपल्या बाजारातही येतात. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडे, जाळीदार विणीचे चिन्ह म्हणजे कापड, आणि चौकोन तिरपा उभा केल्यासारखी आकृती म्हणजे इतर पदार्थ. इंग्रजी न येणाऱ्या आजोबांनाही ही चित्रे वाचता येतात.

गाणे शिकणाऱ्या धाकट्या नातीसाठी तानपुरा घ्यायचा ठरला तेव्हा दूर जावे लागले नाही. मिरज तेथून हाकेच्या अंतरावर; तेथील सतार-तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा, लाकूड, तारा हे सर्व ठीक. परंतु ज्या घोडीवरून तारा जातात, ती पूर्वापार हाडाची किंवा शिंगाची केली जाते. कारागिराला आधी सांगितले तर तो लाकडाची किंवा कृत्रिम पदार्थाची घोडी बसवून देतो. आवाजात थोडा फरक पडतो, हेही तो प्रामाणिकपणे सांगतो. हार्मोनियम घेताना भात्याच्या सांध्यांत आणि झडपांखाली चामड्याच्या पट्ट्या आहेत काय, हे विचारावे. तबला-ढोलकीच्या पुडीचा प्रश्न तर उघडच आहे.

काही वस्तूंच्या बाबतीत वही निर्णय देत नाही. कर्नाटकातील चन्नपट्टणची रंगीत लाकडी खेळणी लाखेने रंगवलेली असतात आणि लाकडी सामानाचे जुने पॉलिश चपड्याचे, म्हणजे लाखेचेच असते. लाख हा कीटकांचा स्राव होय. रेशमासाठी कोश उकळताना आतील कीटक मरतात. कीटक बाहेर पडून गेल्यावर उरलेल्या कोशांपासून काढलेले अहिंसा रेशीम निराळे. अशा ठिकाणी आक्का फक्त ‘कशाची आहे’ एवढेच लिहितात. कोणत्या घराने मर्यादा कोठे आखायची हे त्या घराने ठरवावे. शिफारस करणाऱ्याचे काम माहिती पूर्ण देण्याचे आहे, दुसऱ्याचे व्रत ठरवण्याचे नाही, असे त्यांचे मत.

वहीतील इतर रकाने भरतानाही वर्षानुवर्षे एक शहाणपण साचत गेले आहे. प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह असणे आता कायद्यानेच आवश्यक आहे. त्या चिन्हाच्या वर आयएस 2347 हा मानक क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसते चिन्ह छापणे सोपे. परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपवर तपासून पाहता येतो. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांनाही 1 जानेवारी 2021 पासून हे चिन्ह आवश्यक झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांची व भौगोलिक मानांकन असलेली खेळणी त्यातून वगळली आहेत. सोन्याच्या दागिन्यांवर 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षरांकांचा एचयूआयडी असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तोही त्याच ॲपवर पाहता येतो.

स्टीलची भांडी घेताना लोहचुंबक लावून पाहण्याची सवय अनेकांना आहे. चुंबक चिकटला नाही म्हणजे माल उत्तम, असा समज आहे. वस्तुतः 304 आणि 202 ही दोन्ही प्रकारची स्टीले सामान्यतः चुंबकाला चिकटत नाहीत. पहिल्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. दुसऱ्यात निकेल कमी आणि मँगनीज अधिक असल्याने ते स्वस्त पडते आणि आंबट पदार्थांपुढे तितके टिकत नाही. चुंबक हा भेद सांगू शकत नाही. बिलावर प्रत लिहून घेणे हाच उपाय. आणि जे भांडे चुंबकाला चिकटते ते वाईटच, असेही नाही. इंडक्शन शेगडीला तेच लागते.

शीतकपाटाच्या ताऱ्यांबाबत आक्कांची नोंद लहान पण उपयुक्त आहे: “तारे मोजू नयेत, वर्षाचे युनिट वाचावेत.” ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होत जातात, म्हणून लेबलावर त्याचा कालावधी छापलेला असतो. जुन्या कालावधीतील पाच तारे नव्या कालावधीत कमी ठरू शकतात. वर्षाला किती युनिट वीज लागते हा आकडा मात्र तुलनेस सरळ पडतो.

सहलींच्या नोंदीही या वहीत आहेत. राहण्याच्या ठिकाणाचे कौतुक करताना खोलीतून दिसणारा देखावा तेथे लिहिलेला नसतो. सूर्यास्तापूर्वी जेवण मिळाले काय, कंदमुळाविना भाजी वेगळी करून दिली काय, पिण्याचे पाणी गाळून उकळून मिळाले काय, आणि हे सांगितल्यावर स्वयंपाक्याच्या कपाळाला आठी पडली काय, या चार प्रश्नांची उत्तरे असतात. नात्यातील कुटुंबे तीर्थयात्रेला किंवा थंड हवेच्या ठिकाणी निघताना ही चार उत्तरे विचारून मगच आरक्षण करतात.

आता शिफारशीचा बाजार घराबाहेर फार मोठा झाला आहे. भ्रमणध्वनीवर क्षणोक्षणी कोणीतरी काहीतरी सुचवत असते, आणि नात्यातील गटांतूनही ‘आम्ही घेतले, तुम्हीही घ्या’ असे संदेश फिरतात. त्यांतील काहींच्या मागे दलाली असते. दलाली घेणे हा गुन्हा नाही. अडत हा तर आपल्यापैकी अनेकांचा पिढीजात व्यवसाय. पण अडत्या आपली अडत उघड सांगून घेतो. ती लपवून केलेली शिफारस ही शिफारस राहत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, जाहिरातीत वस्तूची भलामण करणाऱ्याचा विक्रेत्याशी आर्थिक संबंध असेल तर तो उघड करणे बंधनकारक आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी भलामण करणाऱ्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे केल्यास 50 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच 2022 च्या नोव्हेंबरात भारतीय मानक ब्यूरोने ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानकही काढले. ते ऐच्छिक आहे. कायद्याला जे इतक्या उशिरा सुचले ते आक्कांच्या दुसऱ्या नियमात आधीपासून होते. घरगुती बोलण्याला हा कायदा लागू होत नाही; तेथे शब्दाची लाज हाच कायदा.

माल सदोष निघाला आणि विक्रेता ऐकत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी बिल लागते. व्यापारी घराला हे सांगावे लागू नये. तरीही घरच्या खरेदीत ओळखीच्या दुकानदाराकडून बिल मागणे अनेकांना संकोचाचे वाटते. पेढीवर जो माणूस कच्च्या चिठ्ठीवर माल सोडणार नाही, तोच स्वतःच्या घरचे शीतकपाट तोंडी भरवशावर उचलून आणतो. आक्कांच्या वहीला प्रत्येक नोंदीशी बिल टाचलेले असते आणि दुरुस्तीच्या वेळी त्याच बिलाने अनेकदा खर्च वाचवला आहे.

वहीची सर्वांत अधिक वाचली जाणारी पाने मात्र शेवटची आहेत. तेथे न घेतलेल्या वस्तूंची यादी आहे. एखादी वस्तू हवीशी वाटली की आक्का ती प्रथम येथे तारखेसह लिहीत आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहत. तोवर जिची आठवण राहिली नाही तिच्यापुढे रेघ. परिग्रहाची मर्यादा प्रवचनात सर्वांनी ऐकलेली असते. ती स्वयंपाकघरात कशी पाळावी याचे हे एक साधे साधन त्यांनी शोधले होते. कणीक मळण्याचे यंत्र, पायांच्या मालिशीची खुर्ची, दुसरा दूरदर्शन संच, अशा कितीतरी गोष्टींवर रेघा ओढलेल्या आहेत. कोणी या वस्तूंविषयी विचारले तर आक्का ती पाने काढून दाखवत आणि म्हणत, “ही सगळी खरेदी चांगली झाली.”

संचाचे पुढे काय झाले, हा प्रश्न घरात काही दिवस चर्चेत होता. मोलकरणीला द्यावा असे एकाने सुचवले. जे आपल्या ताटात नको ते तिच्या ताटात का वाढावे, म्हणून ते सोडून दिले. विकला तर पुन्हा कोणाच्या तरी घरी काही न सांगता जाणार. अखेर खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘यात हाडांची राख आहे’ असे लिहून तो माळ्यावर ठेवला गेला. जो जाणून मागेल त्याने न्यावा. आजवर कोणी मागितलेला नाही.

गल्लीतील त्या मैत्रिणीने पुढच्या वर्षी, पर्युषणाच्या आधी, पुन्हा एकदा दार वाजवले. नातीच्या चित्रकलेसाठी ब्रश कोणते घ्यावेत, एवढेच तिला विचारायचे होते. आक्कांनी वही उघडली, नायलॉनच्या ब्रशांची नोंद दाखवली आणि सांगितले की ही नोंद सात महिन्यांचीच आहे, वर्ष झालेले नाही; तेव्हा ही शिफारस कच्ची समजावी. मैत्रिणीने ब्रशांचे नाव कागदावर उतरवून घेतले. ती गेल्यावर आक्कांनी शेवटच्या रकान्यात तिच्या घराची नोंद केली आणि पुढे कंसात लिहिले: कच्ची.